पेटत्या शेगड्या मोजा

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, हिंगोली

विषय : घरगुती गोबरगॅसची मोजणी, दुरुस्ती आणि आखाड्यावरचं शेण

महोदय,


मागणी माझ्या एकट्याची असती तर साधा अर्ज लिहून आवक-जावकच्या टेबलावर दिला असता. ती अनेकांची आहे, म्हणून हे पत्र उघड लिहितो आहे. काय हवं आहे ते आधीच सांगतो. जिल्ह्यात आजवर अनुदानातून गोबरगॅसच्या जेवढ्या टाक्या बांधल्या गेल्या, त्यांतल्या किती टाक्यांवर सध्या स्वयंपाक होतो हे एकदा दारोदार जाऊन मोजा. सुरुवात आमच्या डोंगरकड्यापासून करा. आणि यापुढे कुणालाही पैसे द्यायचे ते खड्डा पाहून देऊ नका, शेगडी पेटवून पाहा आणि मग द्या.

केंद्र सरकारने राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प सुरू केला तो 1981-82 साली. तेव्हापासून योजनेचं नाव बदलत गेलं, अनुदानाचे दर बदलत गेले, योजना मात्र चालू राहिली; नोव्हेंबर 2022 पासून ती राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमाचा भाग आहे. देशात 50 लाखांच्या वर घरगुती टाक्या झाल्या. त्यांतल्या नऊ लाखांच्या आसपास एकट्या महाराष्ट्रात. आता गंमत अशी, की महाराष्ट्राची क्षमताच केंद्राने धरली होती 8 लाख 97 हजार. म्हणजे कागदोपत्री आपलं काम आटोपल्यात जमा आहे. मग डोंगरकड्यापासून आखाडा बाळापूरपर्यंत कुठल्याही गावात वळलं की घराच्या मागच्या भिंतीला पऱ्हाट्यांच्या मोळ्या आणि गोवऱ्यांचे हुडवे कशाला दिसतात?

बंद पडलेली टाकी आपण गाडीतून उतरून जवळून पाहावी अशी विनंती आहे. जुन्या तरंगत्या टाकीची असेल तर लोखंडी डबा एका अंगाला कललेला, मधल्या पाइपात अडकून बसलेला दिसेल. गंजून त्याचे पापुद्रे हाताने निघतात. कडेला आघाडा आणि तरोटा माजलेला. शेण कालवायच्या कुंडीत कोंबडी अंडी घालते. स्वयंपाकघरात जाणाऱ्या पाइपाचं तोंड कुणीतरी चिंधीने बांधून ठेवलेलं असतं, आणि ती चिंधी अजून शाबूत असते. घुमटाची दीनबंधू टाकी असेल तर ती दिसणारही नाही. तिच्यावर कडब्याची गंज रचलेली असेल. यादीत दोन्ही टाक्या ‘पूर्ण’ आहेत.

त्या बंद पडल्या कशाने, हे ज्या बाईने त्यांत शेण कालवलं तिला विचारावं. कारणं इतकी किरकोळ निघतात की राग येतो. गोबरगॅस ओला असतो. थंडीच्या रात्री पाइप जिथे लोंबतो तिथे आतल्या वाफेचं पाणी साचतं. सकाळी शेगडी भपभप करते, ज्योत उडते, तव्यावरची भाकरी अर्धी कच्ची राहते. पाइपाच्या सगळ्यात खोलगट जागी पाणी काढायची तोटी असते, ती उघडून मिटली की संपलं. पण तोटी आहे हे घरातल्या पुरुषाला माहीत, आणि तो नांदेडला गेलेला. बाईला वाटतं गॅस संपला. ती चूल पेटवते. गॅस नाही तर शेण तरी कशाला टाका, म्हणून टाकीत शेण टाकणं थांबतं. पंधरा-वीस दिवसांत वर साय धरते, ती वाळून घट्ट होते आणि खालचा गॅस वर येऊ देत नाही. आता टाकी उपसल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि गच्च भरलेला शेणाचा खड्डा उपसायला आजकाल कुणी मजूर तयार होत नाही. पाच मिनिटांच्या कामापायी काही हजारांची वस्तू मातीत जाते ती अशी.

कधी शेणाबरोबर माती-वाळू जाते आणि तळाशी बसत राहते. कधी गोठा फिनाइलने धुतलेलं पाणी थेट कुंडीत वळवलं जातं. त्याने गॅस करणारे जंतूच मरतात. कधी शेगडीची भोकं बुजतात, कारण या गॅसमध्ये गंधकाचा अंश असतो आणि तो लोखंड खातो. यातलं एकही दुखणं तज्ज्ञ बोलवावा असं नाही. लागतो तो गावातला, पाना-पकड घेऊन येणारा, ओळखीचा माणूस. पंप नादुरुस्त झाला तर मोटार भरणारा तासाभरात येतो. मोबाइल बिघडला तर वारंगा फाट्यावर दुकानांची रांग आहे. गोबरगॅस बिघडला तर फोन कुणाला करायचा, या प्रश्नाला तालुक्यात उत्तर नाही.

योजनेत देखभाल नाही असं कुणी म्हणू नये. टाकी बांधून चालू करून देणाऱ्याच्या मोबदल्याशी पाच वर्षांची मोफत देखभाल केव्हाच बांधलेली आहे. पण पैसा सगळा सुरुवातीला. दोन ते चार घनमीटरच्या टाकीला सर्वसाधारण शेतकऱ्यासाठी केंद्राचं अनुदान 14,350 रुपये धरलेलं आहे; ते टाकी उभी राहिली की संपतं. पाचव्या वर्षी ती पेटते की नाही यावर कुणाचा एक रुपयाही अडकलेला नसतो. उद्दिष्ट मार्चअखेर पूर्ण करायचं असतं. जिथे उद्दिष्टाचा आकडा ठरतो तिथेच टाकी तपासलीही जाते, आणि पूर्णत्वाचा दाखलाही तिथूनच निघतो. यात कुणा कर्मचाऱ्याची लबाडी आहे असं मला म्हणायचं नाही. असा कारभार प्रामाणिक माणसांच्या हातीही खड्डेच मोजतो.

नेपाळने हे वेगळं करून दाखवलं आहे, आणि तो देश आपल्यापेक्षा श्रीमंत नाही. तिथे 1992 साली डच मदतीने बायोगॅसचा कार्यक्रम सुरू झाला, पुढे जर्मनांचा पैसाही आला. त्यांनी एकच नमुना पक्का केला. घुमटाचा तो नमुना जीजीसी 2047 म्हणून ओळखला जातो. 2047 हे त्यांच्या विक्रम संवताचं साल. टाक्या बांधायचं काम खासगी कंपन्यांकडे दिलं, अनेक कंपन्यांना एकमेकींशी स्पर्धा करू दिली, पण अनुदान आणि तपासणी त्यांच्या हातात ठेवली नाही. बांधलेल्या टाक्यांतल्या काही चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडून तपासल्या जात. विटा, सिमेंट, पाइप ठरल्यापेक्षा कमी भरले तर कंपनीला दंड. विक्रीनंतरच्या सेवेची हमी द्यायची आणि त्यासाठी पैसे बाजूला काढून ठेवायचे. ज्या कंपनीच्या टाक्या बंद पडतात तिचं नाव यादीतून जाण्याची भीती. त्यातून तीन लाखांहून जास्त घरगुती टाक्या झाल्या आणि पाहण्यांमध्ये बहुसंख्य चालू सापडल्या. चालू सापडल्या म्हणूनच क्योटो कराराखाली कार्बनच्या विक्रीचे पैसेही त्यांना मिळू शकले. बंद टाकीचा कार्बन कुणी विकत घेत नाही.

उलट चीन पाहा. तिथे चार कोटींच्या वर टाक्या बांधल्या गेल्या. पुढे तरुण शहरात गेले, डुकरं घरच्या गोठ्यातून मोठ्या फार्मवर गेली, आणि लाखो टाक्या तशाच पडून राहिल्या. सरकारची ताकद कमी होती असं तिथे कुणी म्हणणार नाही. गाव बदललं आणि टाकी जिथल्या तिथे राहिली.

साहेब, आमचं गावही बदललं आहे, आणि या पत्रातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा तो आहे. पूर्वी जनावरं गावात, घराच्या पुढच्या पडवीत. आता गावठाणात दोन मजली स्लॅबची घरं झाली, पुढे मोटारसायकल लावायलाही जागा उरली नाही. जनावरं आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर गेली. शेण आखाड्यावर, चूल गावात, आणि मध्ये दोन-तीन किलोमीटरचा पांदण रस्ता. योजनेचा अर्ज मात्र अजून असं धरून चालतो की शेण आणि चूल एकाच अंगणात आहेत. मग घरमालक गावातल्या घरामागे टाकी बांधतो, कारण अनुदान मिळतं, आणि सुरुवातीचे काही महिने दुधाच्या कॅनबरोबर शेणाची पाटी मोटारसायकलवर आणतो. पुढे कंटाळतो. कोण कंटाळणार नाही?

टाकी आखाड्यावर हवी. तिथे राहतं कोण? सालगड्याचं कुटुंब. तिथली बाई मालकाच्या जनावरांचं शेण काढते आणि स्वतःच्या चुलीला तुराट्या घालते. सातबारा तिच्या नवऱ्याच्या नावावर नाही, म्हणून योजनेच्या लेखी ती कुठेच नाही. मालकाच्या नावाने मंजूर होणारी टाकी आखाड्यावर बांधायची, गॅस सालगड्याच्या घराला आणि टाकीतून बाहेर पडणारी मळी मालकाच्या बागेला, असा सरळ करार दोघांच्या सह्यांनी होऊ शकतो. मळी तिथल्या तिथे शेतात जाईल. गावातून ओली मळी डोक्यावर वाहून न्यायची नाही. केळीसारख्या खादाड पिकाला ती हवीच असते. गोवऱ्या थापल्या तर शेणातलं नत्र धुरात जातं, टाकीत घातलं तर ते मळीत राहतं. मालकाला गॅसपेक्षा मळीचंच आकर्षण जास्त वाटेल, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

आता आकाराचं. एक घनमीटर गॅसला रोज सुमारे 25 किलो ताजं शेण आणि तेवढंच पाणी लागतं. म्हणजे दोन घनमीटरच्या टाकीला चार-पाच जनावरं दावणीला हवीत. पशुगणनेत महाराष्ट्राचा गोवंश 2012 मध्ये दीड कोटीच्या वर होता, 2019 मध्ये तो एक कोटी चाळीस लाखांच्या आत आला. ट्रॅक्टर आल्यावर बैलजोडी ठेवणं परवडत नाही. अनेक घरांत आज एक गाय आणि एक म्हैस आहे, फार तर एखादी कालवड. त्यांना दोन घनमीटरची टाकी म्हणजे उपाशी ठेवायला बांधलेली टाकी. एक घनमीटरचीही तरतूद योजनेत आहे, 9,800 रुपये अनुदान आहे. तिचा गॅस एलपीजीच्या हिशेबात रोज जेमतेम 430 ग्रॅम. महिना-सव्वा महिन्यात एक सिलिंडर वाचला म्हणा. लहान घराला हे थोडं नाही. उज्ज्वलाचा सिलिंडर घरात असूनही भरून आणायला पैसे नाहीत म्हणून चूल पेटणारी घरं याच गावात आहेत.

पाण्याबाबत आम्ही मराठवाड्यातले अपवाद आहोत. इसापूरच्या कालव्यामुळे या पट्ट्यात केळी, ऊस आणि हळद उभी राहिली. बाकी मराठवाड्यात उन्हाळा म्हणजे उलटा खेळ असतो. जंतूंना 35 अंशांच्या आसपासची ऊब आवडते, म्हणून गॅस जोरात तयार व्हायचे दिवस हेच. आणि शेण व पाणी कमी पडायचे दिवसही हेच. सेनगावच्या किंवा औंढ्याच्या माळावरच्या गावाला डोंगरकड्याचाच आकडा लावू नका, एवढंच म्हणतो.

आता केळी. आमच्याकडे घड उतरवले की फण्या कापून, धुऊन क्रेटमध्ये भरतात. बारीक, फाटलेली, डागाळलेली, झाडावरच पिकलेली फळं व्यापारी बाजूला काढतो. ती बांधावर पडून सडतात. मे-जूनच्या वादळात तर उभी बाग आडवी होते आणि बांध पिवळे-काळे होतात. हे सगळं गोड आणि पिठूळ खाद्य आहे. पुण्याच्या आरती संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी नेमक्या अशाच खाद्यावर चालणारी छोटी टाकी तयार केली. तिला 2006 साली लंडनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. दोन किलो पिठूळ खाद्यातून 40 किलो शेणाइतका गॅस, आणि तोही एक-दोन दिवसांत, हा तिच्यामागचा हिशेब. शेणात जनावराने आधीच पचवून घेतलेलं असतं, उरलेल्या चोथ्यातून गॅस थोडाच निघणार. केळ्यातली साखर जंतूंना आयती मिळते.

पण इथे सावध राहायला हवं. एकदम पाटीभर केळी ढकलली तर टाकी आंबते. आम्ल वाढतं, मिथेन करणारे जंतू बसतात, आणि गॅस येतो तो पेटतच नाही. म्हणून रोजच्या शेणात थोडी केळी, कुस्करून, सवय लावत. किती, हे आमच्या मापात कुणीतरी लिहून द्यायला हवं : एका घमेल्याला किती फण्या? तोंडापूरचं कृषी विज्ञान केंद्र आमच्याजवळ आहे, परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ दूर नाही. एका हंगामात हा प्रयोग आखाड्यांवर होऊ शकतो. जनावरं कमी झाली म्हणून जे घर शेणाच्या हिशेबात बसत नाही, ते केळीच्या जोडीने बसेल. हळद शिजवायच्या कुकरला मात्र घरगुती टाकी पुरणार नाही. ते स्वप्न दाखवायला कुणी आपल्या दालनात आलं तर चहा पाजून परत पाठवा.

टाकीला संडास जोडायचा विषय मी थोडक्यात आटोपतो, कारण त्यावर गावात भांडणं होतात. ही गोष्ट नवी नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात 1897 सालीच मैल्यापासून गॅस केला होता. कोकणात अप्पा पटवर्धनांनी गोपुरीत सफाईचा ध्यास घेतला, आणि देहूला सरकारी डॉक्टर म्हणून गेलेल्या डॉ. सुहास मापुसकरांनी संडासाला जोडलेल्या टाक्या घरोघर चालवून दाखवल्या; 2017 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. जोडणीला योजनेत जादा अनुदानही आहे. तरी ज्या घराला नको वाटतं तिथे आग्रह धरू नये. आखाड्यावर तर तो प्रश्नही फारसा येत नाही.

महाराष्ट्रात चालू टाक्यांची उदाहरणं शोधायला दूर जायला नको. सिंधुदुर्गात झारापच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानने, डॉ. प्रसाद देवधर यांच्या पुढाकाराने, हजारो घरांत गोबरगॅस नेला. कोल्हापुरात गोकुळ दूध संघाने राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या साथीने महिला दूध उत्पादकांना टाक्या दिल्या. गुजरातेत आणंद जिल्ह्यातल्या झकरियापुरात बायकांच्या संस्थेने मळीची विक्री उभी केली. या ठिकाणी मला एक सारखेपणा दिसतो. टाकी बांधून झाल्यावरही त्या घराच्या दारात कुणीतरी येत राहतं; दुधासाठी, मळीसाठी, हप्त्यासाठी. आमच्याकडे दूध संघाचा तसा पसारा नाही. मग येणार कोण?

‘उमेद’मधून गावोगाव पशुसखी तयार झाल्या आहेत. त्या शेळ्यांना जंतनाशक देतात, गोठ्यात सहज जातात, घरातली बाई त्यांच्याशी मोकळं बोलते. त्यांच्यातल्याच एकीला दोन-तीन गावांपुरतं गोबरगॅसचं काम शिकवा : तोटी उघडणं, शेगडी साफ करणं, साबणाच्या पाण्याने गळती शोधणं, साय फोडणं. गळती शोधणं विशेष, कारण न जळता हवेत गेलेला मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पट तापदायक असतो. तिला पगार नको. वर्षाअखेर चालू असलेल्या प्रत्येक टाकीमागे, समजा, 500 रुपये जिल्हा परिषदेच्या सेस फंडातून द्या. तपासणी तिने करायची नाही, बांधणाऱ्यानेही नाही. ती दुसऱ्या तालुक्यातल्या माणसाने करावी, चिठ्ठ्या काढून. आणि टाकी मालकाच्या नावे असली तरी प्रशिक्षणाच्या हजेरीपत्रकावर शेण कालवणाऱ्या बाईचीच सही हवी. पुरुषाने शिकायचं आणि बाईने चालवायचं, हे आजवर चाललं तेवढं पुरे.

आपल्यापुढे सध्या मोठ्या प्रकल्पांचे प्रस्ताव येत असतील याची कल्पना आहे. साखर कारखान्याच्या प्रेसमडपासून दाबाखालचा गॅस, त्याचे पंप, त्याची गुंतवणूक. केंद्राने 2018 मध्ये असे 5,000 प्रकल्प उभारायची घोषणा केली होती, आणि ते उद्दिष्ट फार मागे राहिलं. ते व्हावेत. देश आपल्या गरजेचा सुमारे 60 टक्के एलपीजी बाहेरून आणतो, तेव्हा कुठलाही गॅस नको म्हणायचं कारण नाही. पण कारखान्याच्या गॅसने आखाड्यावरच्या बाईची चूल विझणार नाही. त्या दोन गोष्टींची फाइल एक करू नये.

मोजणीसाठी एक अडचण आधीच सांगून ठेवतो. आपला जिल्हा 1 मे 1999 ला परभणीतून वेगळा झाला, तेव्हा त्याआधीच्या टाक्यांच्या याद्या परभणीच्या दप्तरात शोधाव्या लागतील. त्या नाही सापडल्या तरी अडू नका. गावात कुणाच्या घरामागे टाकी होती हे म्हाताऱ्या माणसांना तोंडपाठ आहे. फॉर्मवर तीनच रकाने ठेवा : चालू, बंद आणि बंद का. तिसऱ्या रकान्यात बाईने सांगितलेलं तिच्याच शब्दांत लिहून घ्यावं, त्याचं ‘तांत्रिक कारण’ करू नये. आणि माणसं फेब्रुवारी-मार्चमध्ये पाठवू नका. तेव्हा हळद शिजवायची धांदल असते, घरी कुणी भेटत नाही. दिवाळीनंतर लगेच पाठवलीत तर आखाडे दाखवायला मी स्वतः बरोबर येईन.

आपला,
डोंगरकड्याचा एक केळीउत्पादक